नाव नसलेली बंदूक

ज्या वस्तूवर नाव नाही तिचा ठावठिकाणा कसा लावायचा, हा प्रश्न सरांनी आम्हाला इतिहासाच्या तासाला विचारला होता, तो नाण्यांच्या संदर्भात. अक्षरे पुसून गेलेले एक तांब्याचे नाणे त्यांनी वर्गात फिरवले आणि म्हणाले, "धातू पाहा, वजन पाहा, टाकसाळीच्या खुणा पाहा. नाव सगळ्यांत शेवटी पाहा." मी ते वहीत उतरवून घेतले आणि परीक्षा होताच विसरलो. पुढे वर्षाच्या आत हेच वाक्य मला आमच्या घरच्या बंदुकीसाठी आठवावे लागेल असे तेव्हा वाटले नव्हते.

बंदूक पणजोबांच्या काळापासून घरात आहे. बारा बोअरची दुनळी, मधोमध मोडून मागून काडतुसे भरायची, बाहेर घोडे नसलेली. नळ्या जिथे दस्त्याला मिळतात तिथे एक पोलादी ठोकळा असतो. त्या ठोकळ्यावर दोन्ही अंगांना बारीक वेलबुट्टी कोरलेली आहे. डाव्या अंगाला पाय उचलून उभा असलेला कुत्रा, उजव्या अंगाला लांब शेपटीचा एक पक्षी. आजी त्या पक्ष्याला मोर म्हणते. दसऱ्याला शस्त्रे पूजताना हळदकुंकू नेहमी मोराच्या अंगाला वाहायचे, कुत्र्याच्या नाही, असा आमच्या घरचा दंडक आहे. बंदूक "मॅन्टनची" आहे, असे आजोबा सांगत. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितले होते. मॅन्टन म्हणजे कोण हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पण मोठे नाव असणार एवढे सर्वांना माहीत होते.

आजोबा 2022 साली गेले. परवाना त्यांच्या नावावर होता, तेव्हा कायद्याप्रमाणे बंदूक घरात ठेवता येईना. काकांनी ती जिल्ह्याच्या गावी एका परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात जमा केली आणि वारसाहक्काने परवाना मिळावा म्हणून अर्ज केला. सहा महिन्यांनी कचेरीतून त्रुटीचे पत्र आले. आजोबांचे परवाना-पुस्तक 1963 सालचे. म्हणजे 1959 चा शस्त्र अधिनियम 1962 च्या ऑक्टोबरात अमलात आला त्यानंतर लगेचचे. त्यात नोंद होती: डी.बी.बी.एल., बारा बोअर, मॅन्टन, क्रमांक 6213. दुकानात जमा झालेल्या बंदुकीवर मॅन्टन हे नाव कुठेही नव्हते आणि विक्रेत्याच्या पावतीवर क्रमांक होता 6218. पत्रातली भाषा सभ्य होती, पण अर्थ उघड होता. नोंदलेली बंदूक कुठे गेली, आणि ही कोणाची?

माझे काका प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आयुष्यात त्यांनी बसचे तिकीटसुद्धा चुकवले नाही. त्या पत्रानंतर त्यांची झोप गेली. चुलतभावाचे, म्हणजे दादाचे, दुःख वेगळे होते. मॅन्टनची बंदूक लाखांत जाते असे त्याला कोणीतरी सांगितले होते, आणि विहिरीचे काम पैशांवाचून अडले होते. काका मला म्हणाले, "तू इतिहास शिकतोस ना? मग हा आपला इतिहास बघ एकदा." मी भिंग, मोजपट्टी आणि वही घेऊन एस.टी.त बसलो.

दुकानातले मिस्त्री सत्तरीचे असतील. मी काय शोधतो आहे हे ऐकून त्यांनी बंदूक गल्ल्यावर घेतली आणि अंगठ्याच्या एका हालचालीने तिचे तीन भाग सुटे केले: नळ्या, नळ्यांखालचे लाकूड, आणि ठोकळ्यासह दस्ता. "वरून काय बघतोस? बंदूक खालून वाचायची असते," असे म्हणून त्यांनी नळ्या उलट्या करून माझ्यापुढे ठेवल्या. ठोकळ्यावर टेकणाऱ्या भागाला नळ्यांच्या पोटाशी दोन सपाट जागा असतात. तिथे बारीक शिक्के होते. आमच्या घरातल्या चार पिढ्यांनी ही बंदूक पुसली, पुजली, खांद्यावर वागवली. पण हे शिक्के कोणी वाचले नव्हते.

आता हे शिक्के म्हणजे काय ते सांगायला हवे. इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी विकण्याआधी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये तिची कसोटी घ्यावी लागते. नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून ती उडवतात. जी फुटते ती भंगारात जाते, जी टिकते तिच्यावर शिक्का बसतो. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला 1637 साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 साली पार्लमेंटच्या कायद्याने निघाले. दोघांचे शिक्के निराळे. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी ही अक्षरे. बर्मिंगहॅमचा शिक्का 1904 पर्यंत असा होता: फुलीसारखे तिरपे ठेवलेले दोन राजदंड, वर मुकुट आणि कोपऱ्यांत बी, पी, सी ही अक्षरे, तपासणीच्या शिक्क्यात त्यांच्या जागी व्ही. आमच्या दोन्ही नळ्यांवर राजदंडाचे हे दोन्ही शिक्के स्वच्छ उमटलेले होते. म्हणजे बंदूक इंग्रजी हे ठरले, आणि लंडनची नव्हे, बर्मिंगहॅमची, हेही ठरले. (बेल्जममधल्या लिएज गावी इंग्रजी धाटणीच्या बंदुका ढिगाने तयार होत आणि काहींवर इंग्रजी वाटतील अशी नावेही घालत, पण तिथला शिक्का लंबगोलात ई.एल.जी. असा असतो. तो आमच्या बंदुकीवर नाही.)

काळाचा प्रश्न मी पायरीपायरीने सोडवला. राजदंडाचा शिक्का 1904 साली बदलला. तेव्हा बंदूक त्याच्या आधीची. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा दुसऱ्या एका शिक्क्याने दिली. समभुज चौकोन उभा ठेवून त्यात 12 हा आकडा आणि सी हे अक्षर. काडतूस जिथे बसते त्या कोठीचे माप सांगणारा हा शिक्का 1887 च्या नियमांनी आला. शेजारीच "चोक" असा शब्द होता, म्हणजे नळीचे तोंड छर्रे एकवटण्यासाठी किंचित आवळलेले आहे. हा शब्दही 1887 पासूनचाच. त्याच्या आधीची बारा वर्षे अशा नळीवर "गोळीसाठी नाही" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द मारीत. एकूण 1887 ते 1904.

याहून जवळ जाता येते का? आमच्या बंदुकीतली रचना ॲन्सन आणि डीली या दोघांची आहे. हे दोघे बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतले. त्यांनी 1875 साली बाहेरचे घोडे काढून टाकून सगळे यंत्र त्या पोलादी ठोकळ्याच्या पोटात बसवले. नळ्या मोडताना जो रेटा बसतो त्यानेच आतले घोडे ताणले जातात. रचना इतकी सोपी आणि मजबूत की जगभर आजही तिच्या नकला होतात. पेटंटची मुदत त्या काळी चौदा वर्षे असे; म्हणजे ती 1889 ला संपली. मुदतीत दुसऱ्या कोणी ती रचना वापरली तर परवानगी घेऊन पेटंटचा शिक्का आणि अनुक्रमांक मारावा लागे. आमच्या ठोकळ्यावर असा शिक्का नाही. म्हणून ती बहुधा 1889 नंतरची. मात्र हा पुरावा पहिल्या दोन पुराव्यांच्या तोडीचा नाही. एखादी गोष्ट आढळली नाही यावरून काढलेले अनुमान जपून वापरावे असे सर नेहमी सांगतात, म्हणून माझ्या टिपणात मी 1887 ते 1904 एवढेच लिहिले आणि 1889 ची गोष्ट कंसात टाकली.

आता नावाकडे येतो. इंग्रजी बंदुकीवर नाव दोन ठिकाणी असते: ठोकळ्याच्या बाजूंवर, आणि दोन नळ्यांच्या मधून जाणाऱ्या पट्टीवर. नाव नसेल तर दोन शक्यता उरतात. एक तर ते कोणीतरी घासून काढले, किंवा मुळातच घातले नाही. घासून काढलेले ओळखू येते. पट्टीवर चमक मारू नये म्हणून बारीक रेघा ओढलेल्या असतात. नाव खरवडले की तेवढ्या भागात त्या रेघा तुटतात आणि पट्टीला खोलगट भाग पडतो. मिस्त्रींनी पट्टीवर पोलादी पट्टी उभी धरून खिडकीच्या उजेडात मला दाखवले. मधून कुठेही उजेड आला नाही, आणि रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होत्या. ठोकळ्यावर वेलबुट्टीच्या मधोमध दोन्ही अंगांना फितीच्या आकाराची एक कोरी जागा मात्र आहे. फितीच्या कडा कोरलेल्या, मधले पोलाद गुळगुळीत. लहानपणी मला वाटे, कोरणारा तेवढे विसरला. तो विसरला नव्हता. त्याने ती जागा दुकानदाराच्या नावासाठी ठेवली होती.

हे समजायला बर्मिंगहॅमचा धंदा समजावा लागतो. सेंट मेरी चर्चच्या आसपास, स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट अशा गल्ल्यांतून बंदूककारांची वस्ती होती. तिथे एक माणूस अखखी बंदूक क्वचितच करी. नळीसाठी लोखंड वेटाळणारा वेगळा, आतून भोक पाडणारा वेगळा, बाहेरून कानस मारणारा वेगळा. चापाची यंत्रे बरीचशी वुल्व्हरहॅम्प्टन, डार्लस्टन या आसपासच्या गावांतून येत. अक्रोडाचा दस्ता बसवणारा, स्क्रू बसवणारा, नक्षी कोरणारा, नळीला तपकिरी रंग चढवणारा असे सगळे आपापल्या खोलीत बसून नगावर काम करीत, आणि अर्धीमुर्धी बंदूक पोराच्या पिशवीतून एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर फिरे. पुण्याच्या तांबट आळीत घडणारे पातेले आणि त्यावरचे विकणाऱ्याचे नाव यांचा जसा संबंध, तसाच इथेही. लंडनच्या, इंग्लंडातल्या लहान गावांच्या, आणि कलकत्त्या-मुंबईच्या दुकानदारांनी मागणी नोंदवावी, आणि बर्मिंगहॅमहून त्यांचे नाव घातलेली बंदूक यावी, हा सरसकट रिवाज होता. त्यात लपवाछपवी नव्हती. कधी माल कोराच निघे. नाव पुढे घालायचे ते राहून जाई. आमच्या बंदुकीवर बहुधा हेच झाले. तिच्यावर कोणाचे नाव यायचे होते ते यापुढे कधीही कळणार नाही. क्रमांक आहे खरा. पण घरनंबर आहे आणि गल्लीचे नाव नाही अशातली ती गत.

एक वाट मी चाचपून पाहिली. बंदुकीची कातडी पेटी आमच्याकडे आहे आणि तिच्या झाकणाच्या आत मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची चिठ्ठी चिकटवलेली आहे. या लंडनच्या सहकारी दुकानाने मुंबईत 1891 साली शाखा काढली. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. चिठ्ठी पाहून मला एक दिवस फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी लावली. पेटीतला नळ्यांचा कप्पा अठ्ठावीस इंचांचा, आणि आमच्या नळ्या तीस इंचांच्या. आजोबा कप्प्याची एक लाकडी पट्टी काढून नळ्या तिरप्या ठेवीत, हे मग आजीने सांगितले. पेटी दुसऱ्याच कुठल्यातरी बंदुकीची. शिवाय ते दुकान आपल्या बंदुकांवर आपले नाव घालीत असे. ती वाट तिथे संपली.

आणि मॅन्टन? जोसेफ मॅन्टन हा लंडनचा खरोखरीच थोर बंदूककार. जन्म 1766, मृत्यू 1835. पर्डी घराण्याचा मूळ पुरुष जेम्स पर्डी याच्याच कारखान्यात काम करीत होता. परंतु मॅन्टन वारला तेव्हा बंदुका तोंडाकडून ठासून भरायच्या होत्या. मागून भरायची काडतुसाची बंदूक इंग्रजांनी नीट पाहिली ती 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात, फ्रान्सच्या लफोशोने मांडलेली. तेव्हा आमची बंदूक जोसेफ मॅन्टनने केली म्हणणे म्हणजे पेशव्यांनी आगगाडीने प्रवास केला म्हणण्यासारखे आहे. कलकत्त्याला मॅन्टन आणि कंपनी नावाचे मोठे दुकान मात्र होते, आणि त्याने विकलेल्या बंदुका देशभर पसरल्या. त्यामुळे चांगली इंग्रजी बंदूक म्हणजे मॅन्टन, अशी बोलण्याची रीतच पडली असावी असे मला वाटते. वनस्पती तुपाला आपल्याकडे सर्रास डालडा म्हणत, त्यातलाच प्रकार. 1963 साली कचेरीत कारकुनाने विचारले असेल, "मेक कोणती?" आणि आजोबांनी वडिलांकडून ऐकलेले सांगितले असेल.

पण हे माझे "असेल" कचेरीपुढे कसे टिकणार? क्रमांकाचा घोळ सुटल्याशिवाय काकांची सुटका नव्हती. आणि तो सुटला अगदी सहज, तोही मिस्त्रींमुळे. बंदुकीवर क्रमांक तीन ठिकाणी असतो. नळ्यांच्या पोटावर, नळ्यांखालच्या लाकडाच्या लोखंडावर, आणि चापाभोवतीच्या कडीची जी लांब शेपटी दस्त्याखालून जाते तिच्यावर. पहिल्या दोन ठिकाणी स्पष्ट 6218 होते. मिस्त्रींनी बंदूक जोडली, उलटी करून कडीची शेपटी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "आता वाच." मी वाचले, 6213. भिंग लावले तेव्हा दिसले की शेवटच्या आठाची डावी बाजू झिजून गेली आहे. बंदूक धरताना उजव्या हाताची बोटे नेमकी तिथे येतात. सत्तर-पाऊणशे वर्षांच्या घामाने आठाचा तीन झाला होता. नळ्या सुट्या न करता क्रमांक वाचायचा तर तो तिथेच वाचता येतो. 1963 सालच्या कारकुनाने तेच केले, आणि डोळ्यांना दिसले ते इमानाने लिहिले. म्हणजे पुस्तकातला क्रमांक चुकीचा आहे, आणि तो ज्या प्रकारे चुकला आहे त्यावरूनच सिद्ध होते की त्याने हीच बंदूक हातात धरली होती. दुसऱ्या बंदुकीवरचा आठ नेमका तसाच कसा झिजेल?

दुकानाच्या पायरीवर बसून मी काकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आठाचा तीन? एवढंच?"

मोराविषयीही थोडे लिहितो. तो मोर नाही. तो फेझंट, म्हणजे इंग्रजांच्या शिकारीतला नेहमीचा लांब शेपटीचा पक्षी. आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या दूरच्या नात्यातला, पण सह्याद्रीत न आढळणारा. कुत्रा पॉइंटर जातीचा, पक्ष्याचा वास लागताच पाय उचलून खिळून उभा राहणारा. ही जोडी बर्मिंगहॅमच्या कोरणाऱ्यांच्या ठरलेल्या चित्रांपैकी होती. भिंगाखाली पाहिले तर वेलबुट्टी सुरेख आहे. पाने गोल वळतात तिथे रेघ जाड होऊन पुन्हा केसाएवढी होते, आणि ते हाताने ढकललेल्या सळईखेरीज जमत नाही. पक्षी त्या मानाने कच्चा आहे. शेपटी एका अंगाला चिकटवल्यासारखी वाटते. वेलबुट्टी कोरणारा कसलेला आणि पक्षी कोरणारा शिकाऊ, किंवा एकाच माणसाला त्या दिवशी घाई झालेली. इंग्रजी बंदुकांवर कोरणाऱ्याने स्वतःचे नाव घालायची पद्धत त्या काळी नव्हतीच म्हटले तरी चालेल. लंडनच्या हॅरी केलसारख्यांचे नाव धंद्यातल्या लोकांना ठाऊक असे, गिऱ्हाइकाला क्वचितच. त्यांचा शिष्य केन हंट पुढे फार नावाजला, पण ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट.

आता किमतीचे बोलू. दादा त्याचीच वाट पाहत होता. इंग्रजी बंदुकीची किंमत नावावर, रचनेवर आणि नळ्यांच्या प्रकृतीवर ठरते. पर्डीची नवी दुनळी आज लाख पौंडांच्या पुढे जाते. बर्मिंगहॅमची, ठोकळ्याच्या रचनेची, नाव नसलेली जुनी बंदूक इंग्लंडच्या लिलावात काही शे पौंडांत मिळते. कित्येकदा त्याहून कमी. शिवाय ती तिकडे नेऊन विकण्याचा प्रश्नच नाही. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि शस्त्र म्हणून नेण्याची परवानगी वेगळीच. देशात विकायची तर घेणारा परवानाधारक हवा. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांनाच एक काढायची वेळ आली. दुकानदाराने जी किंमत सांगितली तीत विहिरीचे दोन हातही खोदून झाले नसते.

दादाचा चेहरा पडला. पण त्याच्यापुढची खरी गोष्ट अजून बाकी होती. परवाना मिळताच बंदूक चालवून पाहायची असे त्याने ठरवले होते आणि काडतुसांची चौकशीही केली होती. तेव्हा नळ्यांकडे पुन्हा एकदा यावे लागते. आमच्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी आहे. ती वरून काढलेली नाही. लोखंडाच्या आणि पोलादाच्या कांबी एकत्र तापवून पीळ द्यायचा, अशा दोनतीन पिळलेल्या कांबी शेजारी ठेवून त्यांची फीत करायची, ती एका दांड्याभोवती गुंडाळायची आणि तापवून तापवून हातोड्याने सांधायची. मग तेजाब लावले की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे रंग घेतात. याला दमास्कस नळी म्हणतात. त्या काळी बर्मिंगहॅममध्ये अशा नळ्या बेल्जमहूनही पुष्कळ येत. नळी दिसायला देखणी, पण तिच्यात हातभर लांब सांधाच असतो म्हणा ना. बारूद, म्हणजे जुनी काळी दारू, तेव्हा सर्रास वापरात होती, आणि कसोटीही त्याच दारूने घेतलेली. धूर न करणाऱ्या नव्या दारूची कसोटी 1896 च्या सुमारास सुरू झाली आणि ती उतरलेल्या नळीवर तसे शब्दच मारीत. आमच्या नळ्यांवर ते शब्द नाहीत. दमास्कस नळी नव्या दारूला कधीच चालत नाही असे नाही; कित्येक नळ्या त्या कसोटीलाही उतरल्या आहेत. परंतु आमच्या नळ्या उतरलेल्या नाहीत, आणि मधल्या सव्वाशे वर्षांत आतून गंजून, घासून त्या पातळही झाल्या आहेत. शिवाय कोठी अडीच इंचांची, आणि आजची कित्येक काडतुसे पावणेतीन इंचांची. ते काडतूस आत बसते, हीच त्यातली मेख. उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. डावा हात असतो नेमका त्याच्यापुढे.

मिस्त्रींनी नळ्या बोटावर टांगून नखाने टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद बराच वेळ घुमला. "सांधे शाबूत आहेत," ते म्हणाले, "पण खडकीचं काडतूस हिच्यात घालू नका. तुमच्या आजोबांनी कधी घातलं नाही. माझ्याकडून काळी दारूच न्यायचे."

हे ऐकून मी चमकलो. आजोबांचा चिक्कूपणा हा आमच्या घरातला थट्टेचा विषय होता. सगळा गाव तयार काडतुसे आणी. आजोबा मात्र पितळेच्या जुन्या नळकांड्यांत स्वतः काळी दारू भरीत, वर पुठ्ठ्याची चकती दाबीत आणि दर बाराला सगळे अंगण धुराने भरून टाकीत. रानडुकरे शेतात उतरली की हवेत एक बार काढायचा, एवढाच त्यांचा उपयोग. तयार काडतुसे महाग पडतात म्हणून ते असे करतात असे आम्ही समजत होतो, आणि त्यांनीही कधी तसे नाही म्हणून सांगितले नाही. घरी येऊन परवाना-पुस्तक उघडले. दारूगोळ्याच्या रकान्यात दर वर्षी बारूद लिहिलेली होती. काडतुसांचा रकाना शेवटपर्यंत कोरा. नळ्यांच्या पोटावरचे शिक्के त्यांनी वाचले होते, की त्यांच्या वडिलांनी सांगितले होते, हे विचारायला आता कोणी नाही. दादाने पुस्तक दोन वेळा चाळले आणि काडतुसांचा विषय पुन्हा काढला नाही.

मी दोन पानांचे टिपण केले. शिक्क्यांची चित्रे हाताने काढली, आठाचे छायाचित्र मोठे करून जोडले, मॅन्टनच्या मृत्यूचे साल लिहिले. काका ते घेऊन कचेरीत गेले. तिथल्या अधिकारीबाईंनी ते वाचले, आणि बंदूक समक्ष पाहायला दुकानात माणूस पाठवला. त्याने भिंग नेले नव्हते; मिस्त्रींनी आपले दिले. दीड महिन्याने दुरुस्तीची नोंद झाली आणि त्यानंतर परवाना काकांच्या नावावर आला. नव्या नोंदीत मेकच्या रकान्यात लिहिले आहे: इंग्लिश, नाव नाही, बर्मिंगहॅम प्रूफ. क्रमांक 6218.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंदूक घरी आली. मी आजीला सगळे समजावून सांगितले. बर्मिंगहॅम, कोरी फीत, फेझंट. तिने शांतपणे ऐकले. "नाव नाही तर नाही," ती म्हणाली, "पण तो मोरच आहे." आणि कुंकवाची वाटी घेऊन ती उजव्या अंगाला बसली.